टाक्यातलं पाणी गळत का नाही?

प्रश्न : मे महिन्यात मुलांना घेऊन शिवनेरीवर गेलो होतो. आमच्याकडच्या विहिरी तळाला गेलेल्या आणि तिथे गंगा-जमुना टाक्यांत पाणी! सिमेंट नाही, पत्रा नाही, पंप नाही. ही टाकी हातानं खोदली कशी? आणि इतक्या शतकांत ती गळून रिकामी कशी झाली नाहीत? – एक वाचक, नारायणगाव

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेऊ, पहिल्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे. टाकं कोरणं हे नंतरचं काम. त्याआधीचं आणि जास्त अवघड काम म्हणजे ते कुठे कोरायचं हे ठरवणं. जागा चुकली की महिनोन् महिने छिन्नी चालवून हाती नुसता खड्डा येतो. तो पावसाळ्यात भरतो आणि माघ उजाडेपर्यंत कोरडा पडतो. गडांवर अशी कोरडी टाकीही बरीच दिसतात. आपण फोटो काढतो ते भरलेल्या टाक्यांचे, एवढंच.

सह्याद्रीचा दगड लांबून सगळा एकसारखा काळा दिसतो. तसा तो नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. मग त्याच्यावर पुढचा लोट आला. असे थरांवर थर बसून हा डोंगर झाला. या थरांत ढोबळ मानानं दोन जातींचा दगड सापडतो. एक काळा, घट्ट, जड पाषाण. दुसरा जरा फिकट, पांढऱ्या ठिपक्यांचा. विहिरी खोदणारे त्याला ‘मांजऱ्या’ म्हणतात. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि त्या पोकळ्या पुढे पांढऱ्या खनिजांनी भरल्या, तेच हे ठिपके.

आता कुणालाही विचारा, टाकं कोणत्या दगडात खोदाल? दहापैकी नऊ जण काळ्या पाषाणाकडे बोट दाखवतील. फसगत होते ती इथेच. काळा पाषाण स्वतः पाण्याचा थेंब पीत नाही हे खरं. पण थंड होताना तो आक्रसतो आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात. त्या भेगांतून पाणी बिनबोभाट निघून जातं. मांजऱ्या त्या मानानं मऊ, छिन्नीला सोपा आणि पुष्कळदा अखंड. त्याच्या पोकळ्या बहुतेक भरलेल्या, एकमेकींना न जोडलेल्या. त्यामुळे पाण्याला वाट सापडत नाही. धरणांचे पाये तपासताना दख्खनच्या भूवैज्ञानिकांनी विसाव्या शतकात हेच नोंदवलं : दिसायला भक्कम तो दगड गळका आणि दिसायला ठिसूळ तो पाणी धरणारा, असं पुष्कळदा निघतं. याचा अर्थ प्रत्येक जुनं टाकं मांजऱ्यातच आहे असा घेऊ नका. काळ्या पाषाणातही भेगा कमी असलेले पट्टे असतात आणि तिथे उत्तम टाकी आहेत. शिवाय मांजऱ्यालाही खोड आहे. ऊन-पावसानं तो लवकर झिजतो, म्हणून काही टाक्यांच्या तोंडाच्या कडा खचलेल्या दिसतात आणि आतल्या भिंती मात्र ठणठणीत.

दोन थरांच्या मधे कधी कधी विटकरी, मातकट पट्टा असतो. कड्याकडे लांबून पाहिलं की ही तांबडी रेघ आडवी गेलेली दिसते. वरच्या दगडातून मुरलेलं पाणी या पट्ट्याशी अडतं आणि बाजूला पाझरतं. तिथे कोरलेल्या टाक्याला पावसाच्या पाण्याबरोबर झऱ्याचीही साथ मिळते. ज्याला लोक ‘जिवंत पाण्याचं टाकं’ म्हणतात, कितीही उपसा पण सकाळी पुन्हा तितकंच, त्यातली पुष्कळ अशा ठिकाणी असतात.

हे सगळं भूशास्त्राच्या पुस्तकाशिवाय कसं कळत असेल? कानानं आणि डोळ्यानं. आजही जुना पाथरवट दगडाला हात घालण्याआधी त्यावर हातोडी वाजवून पाहतो. खणखणीत आवाज आला तर दगड सलग. बद्द आवाज आला तर आत चीर नाहीतर पोकळी. पाऊस उघडल्यावर कातळ वाळतो तेव्हा भेगेच्या रेषेवर ओल बराच वेळ राहते. गवताची रोपं सरळ रेषेत उगवलेली दिसली तरी खाली काय आहे ते समजतं. इतका सराव असला की यंत्र लागत नाही.

आता खोदण्याकडे वळू. टाकं वरून खाली जातं, त्यामुळे त्याला लाकडी परांची, मचाणं काही लागत नाही. सुरुवात तोंडापासून. अखंड कातळात चौकोन आखायचा आणि टोकदार छिन्नीनं त्यात समांतर चर घ्यायचे. दोन चरांच्या मधे दगडाची उभी पट्टी उरते, शेतातल्या सरी-वरंब्यासारखी. ही पट्टी दोन्ही बाजूंनी मोकळी असल्यामुळे पाचर ठोकून किंवा बाजूनं घणाचा घाव घालून ती ढलपे उडवत काढता येते. सगळा दगड छिन्नीनं भुगा करत बसण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. ही पद्धत कल्पनेची नाही. अजिंठ्याचं 24 क्रमांकाचं लेणं अर्धवट राहिलेलं आहे, तिथे चर आणि वरंबे जसेच्या तसे पाहायला मिळतात. पूर्ण झालेल्या लेण्यापेक्षा मला ते अर्धवट लेणं जास्त शिकवतं. कारागीर उठून जेवायला गेलेत असं वाटावं इतकी त्यांची हातोटी उघडी पडलेली आहे.

एक थर निघाला की खालचा. माणसांना उतरायला एका बाजूला पायऱ्या राखायच्या. हत्यारं फार नाहीत : घण, सुतकी, पहार, पाचरा आणि छिन्न्यांचा ढीग. ढीगच लागतो, कारण या दगडावर छिन्नीचं टोक भराभर बोथट होतं. म्हणून पाथरवटांच्या जोडीला लोहार हवाच. भाता, कोळसा, ऐरण घेऊन तो तिथेच बसणार, टोकं तापवून शेवटणार, पाणी देणार आणि परत धाडणार. टाकं पाथरवटांच्या नावावर जमा होतं; लोहाराचं नाव कुणी घेत नाही.

ठरलेली खोली गाठली की पुष्कळ ठिकाणी काम आडवं वळतं. तोंड लहान ठेवून आतल्या आत बाजूला पोखरत जायचं आणि छप्पर पडू नये म्हणून मधे दगडाचेच खांब राखायचे. हीच खांबटाकी. राखलेला खांब नंतर जागेवरून हलवता येत नाही. तो कुठे हवा हे आधी ठरलेलं असावं लागतं, कारण एकदा उडवलेला दगड पुन्हा जोडता येत नाही. जुन्नरजवळच्या चावंडवर एकाशेजारी एक अशी सात टाकी आहेत, त्यांना सप्तमातृका म्हणतात. एवढ्या जवळजवळ सात टाकी आणि मधल्या भिंती शाबूत, हे आखणीशिवाय होत नाही.

थोडा हिशोब करू. टाकं 5 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल आहे असं धरा. म्हणजे 60 घनमीटर, 60 हजार लिटर पाणी. त्या जागेतून निघालेला दगड सुमारे 170 टन. माणशी दिवसाला 5 लिटर, फक्त पिण्याला आणि रांधायला असं धरलं, तर 50 माणसांच्या शिबंदीला हे पाणी 240 दिवस पुरतं. पावसाळा सरल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंतचे आठ महिने साधारण तितकेच. आणि ते भरायला किती पाऊस लागतो? एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी देतो. वर्षाला 2,000 मिलिमीटर पाऊस पडत असेल तर 30 चौरस मीटर उघडा कातळ, म्हणजे एका मोठ्या खोलीएवढी जागा, हिशोबाला पुरते. सह्याद्रीच्या माथ्यावर बहुतेक ठिकाणी पाऊस याहून जास्तच आहे. पाण्याची तिथे कमतरता नव्हती. चार महिन्यांचं पाणी आठ महिने धरून ठेवणं, एवढाच प्रश्न होता.

आणि ते 170 टन दगड? वाया जात नसत. तट, बुरूज, घरांची जोती, सगळ्याला दगड लागतोच. वर चढवून आणण्यापेक्षा टाक्यातून काढलेला बरा. टाकं आणि तट ही दोन कामं एकाच खर्चात बसतात, म्हणून मला गडावरच्या टाक्याकडे खाण म्हणूनही पाहावंसं वाटतं.

ही विद्या शिवकाळात सुरू झाली असं समजू नका. मुंबईजवळच्या कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत आणि बहुतेकांच्या दाराशी टाकं आहे. वरच्या कातळावर बोटभर पन्हळी कोरून पावसाचं पाणी टाक्यांत उतरवलेलं आहे. तिथल्या आणि जुन्नरच्या ब्राह्मी लेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटलंय. जुन्नरच्या एका लेखात इरिल नावाच्या यवनानं दोन पोढी दान केल्याची नोंद आहे. नाणेघाटातलं एक टाकं सोपाऱ्याच्या गोविंददासानं दिलेलं आहे. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा, त्या काळचं बंदर. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्याला पाण्याची किंमत कळत होती, म्हणून त्यानं देवळाऐवजी टाकं दिलं. हा निव्वळ माझा तर्क, पण घाट चढून पाहा, पटेल.

गडाच्या पाण्याबद्दल सगळ्यात रोखठोक लिहिलं ते रामचंद्रपंत अमात्यांनी, अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या ‘आज्ञापत्रा’त. किल्ला बांधायचा तर आधी पाणी बघा. पाणी नसेल आणि जागा मोक्याची असेल तर आधी खडक फोडून टाकी-तळी करा. झरा आहे म्हणून गाफील राहू नका. कारण ते असं देतात की लढाईत तोफांच्या आवाजानं झरे कमी होतात आणि पाणी मात्र जास्त लागतं. तोफेच्या आवाजानं झरा आटतो का, यावर आजचे भूजलतज्ज्ञ भुवया उंचावतील. मला त्यातला दुसरा मुद्दा जास्त मोलाचा वाटतो : अडचणीसाठी म्हणून दोन-चार टाकी वेगळी राखा आणि एरवी त्यांतलं पाणी खर्चू नका. आपल्याकडे धरणाच्या पाण्याचं वाटप ज्या पद्धतीनं चालतं ते पाहता, हा परिच्छेद संबंधितांनी टेबलाच्या काचेखाली ठेवायला हरकत नाही.

प्रश्न : टाक्यातलं पाणी उन्हाळ्यातही गार का असतं? ते प्यावं का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : महाराष्ट्रात उघड्या पाण्यावरून वर्षाला साधारण दीड ते दोन मीटर उंचीचं पाणी उडून जातं; तुमच्या सोलापूरकडे त्याहूनही जास्त. तीन मीटरचं उघडं टाकं म्हणजे अर्ध्याहून अधिक पाणी उन्हाच्याच घशात. वर केलेला शिबंदीचा हिशोब तिथे कोलमडला असता. खांबटाक्याचं छप्पर असतं ते यासाठी. ऊन पोहोचत नाही, वारा लागत नाही, म्हणून वाफ कमी. उजेड नाही म्हणून शेवाळ कमी. चारी बाजूंनी आणि तळाला डोंगराचा दगड असतो, तो दिवसाच्या उन्हानं तापत नाही की रात्रीच्या गारव्यानं निवत नाही. पाणी त्या दगडाच्या तापमानाला येऊन बसतं.

काही टाक्यांच्या तोंडाला आतून खाच कोरलेली असते, लाकडी झाकण बसावं म्हणून. काही ठिकाणी टाकी उतरत्या ओळीत आहेत. वरचं भरलं की जास्तीचं पाणी पुढच्यात. गाळ वरच्यात बसतो आणि खालच्याला निवळ पाणी मिळतं. सिंहगडावरचं देवटाकं पिण्याच्या पाण्यासाठी अजून लोकांच्या तोंडी आहे.

प्यावं का, याचं उत्तर मात्र सरळ आहे. उकळून किंवा गाळून-निर्जंतुक करून प्या. ज्या काळी त्या टाक्यांवर पहारा होता, त्या काळचा भरवसा आज धरता येत नाही. शनिवार-रविवारी गडावर किती माणसं जातात ते तुम्हीच पाहता.

प्रश्न : घरामागे दगडाचा हौद स्वतःच्या हातानं, सिमेंट न वापरता बांधायचा आहे. चिरा मिळतो. जमेल का? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : जमेल, पण नुसत्या चिऱ्यावर नाही. चिरा जांभ्याचा, आणि जांभा पाणी पितो. त्याची छिद्रं मांजऱ्यासारखी बंद नाहीत, एकमेकींत उघडतात. म्हणून कोकणात कातळ असूनही घाटावरच्यासारखी कोरीव टाकी सहसा दिसत नाहीत, विहिरी दिसतात. चिऱ्याची भिंत चालेल, पाणी धरायचं काम आतल्या गिलाव्यालाच करावं लागेल.

हौद निम्मा-अधिक जमिनीत घ्या. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. दोन मीटर खोलीवर दर चौरस मीटरला दोन टन इतका दाब भिंत बाहेर ढकलत असतो. जमिनीत असलेल्या भिंतीला बाहेरून मातीचा टेकू मिळतो, उघड्या भिंतीला तो नाही. गोल हौद चौकोनी हौदापेक्षा कमी फुटतो. चौकोनीच हवा असेल तर आतले कोपरे काटकोनात सोडू नका, गिलाव्यानं गोलसर करा. पहिली चीर नेहमी कोपऱ्यात जाते. वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नका आणि अधूनमधून भिंतीच्या पूर्ण जाडीत बसेल असा लांब दगड घाला.

खरी परीक्षा चुन्याची. चुनकळी विझवून भिजत ठेवायची, वाळूबरोबर मळायची. जुन्या गडांवर दगडी चाक आणि गोल चर दिसतो ती चुन्याची घाणीच; बैल फिरवून तासन् तास मळलेला चुना लोण्यासारखा व्हायचा. गूळ, हिरडा, बेलफळ, उडीद हे घालायची पद्धत होती. पण पाण्याच्या कामात त्याहून महत्त्वाची वस्तू सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. नुसता चुना हवेनं हळूहळू कडक होतो, ओल्यात मऊच राहतो. सुरखी मिसळली की तो ओल्यातही धरतो. हौदाला सुरखी टाळू नका. गिलावा एकदम जाड न देता दोन-तीन हातांनी द्या, प्रत्येक हात घोटून घट्ट करा आणि काही आठवडे ओलं गोणपाट लावून ठेवा. घाई इथेच नडते. सिमेंटची सवय झालेला गवंडी आठवड्यात पाणी भरा म्हणेल, त्याचं ऐकू नका. पहिल्यांदा भरताना हातभर पाणी सोडा, दोन दिवस थांबा, ओल कुठे फुटते ते पाहा, मग पुढे भरा. आणि एकदा भरला की हौद उन्हाळ्यात तळापर्यंत कोरडा होऊ देऊ नका. वाळून तापलेल्या चुन्याला तडे जातात.

चुन्यात बांधलेलं पाण्याचं काम टिकत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला पुण्याचं उदाहरण द्या. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शहरातल्या हौदांत आणलं गेलं. त्या नळाचे भाग आजही खोदकामात सापडतात.

जाता जाता, टाक्यांबद्दल पत्रं लिहिणाऱ्या बऱ्याच वाचकांनी ‘आमच्या मंडळाला गडावरचं टाकं साफ करायचं आहे’ असंही लिहिलं आहे. हेतू चांगला आहे, पण फावडं उचलण्याआधी गड कुणाच्या ताब्यात आहे ते बघा. केंद्राचं किंवा राज्याचं संरक्षित स्मारक असेल तर गाळ काढायलासुद्धा पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी लागते, आणि ती मागणं योग्यच आहे. टाक्याच्या गाळात नाणी, खापरं, तोफगोळे असं काहीही असू शकतं आणि कोणत्या थरात काय होतं हे एकदा घमेल्यात मिसळलं की परत लावता येत नाही. अर्ज करा, विभागाचा माणूस बरोबर घ्या, निघालेला गाळ जागच्या जागी चाळा. साफ झालेल्या टाक्याला वरून सिमेंटचा लेप मात्र कुणालाही लावू देऊ नका.